दुर्गम वाटांसाठी जुनी फोर-बाय-फोर: निवडायची कशी, तपासायची कशी

जुनी फोर-बाय-फोर घ्यायला निघालेला माणूस आधी मनात एक मॉडेल धरतो, मग त्याच्या जाहिराती धुंडाळतो आणि शेवटी ती गाडी आपल्या प्रवासाला चालेल का, याचा विचार करतो. हा क्रम उलटा करायला हवा. वस्तीपासून लांब जायचं असेल तेव्हा गाडी किती खडतर जागी चढते याला दुय्यम महत्त्व आहे. ती बंद पडली तर तिथे कोण आणि कशाने दुरुस्त करणार, हे आधी पाहायचं. माझ्या लेखी साधी, नीट सांभाळलेली आणि जिचे पार्ट सहज मिळतात अशी गाडी दणकट नावाच्या पण हेळसांड झालेल्या गाडीपेक्षा केव्हाही सरस.

आधी वाट, मग गाडी

कागद घ्या आणि चार गोष्टी लिहून काढा: दोन पेट्रोलपंपांमधलं सर्वांत मोठं अंतर, गाडीत किती माणसं, पाणी किती दिवसांचं आणि रस्त्याचा सर्वांत वाईट टप्पा कसला आहे, म्हणजे वाळू, चिखल, दगड की नुसताच लांबलचक खडबडीत कच्चा रस्ता.

इंधनाचा हिशेब डांबरी रस्त्यावरच्या ॲव्हरेजवर करू नका. डांबरीवर लिटरला १० किलोमीटर देणारी गाडी वाळूत किंवा लो गिअरमध्ये (वेग अगदी कमी, ताकद जास्त) ५ वर येऊ शकते. म्हणजे ४०० किलोमीटरच्या अशा टप्प्याला ८० लिटर लागतील, आणि वाट चुकणं, मागे फिरणं धरून आणखी चौथा हिस्सा, एकूण १०० लिटर. गाडीची टाकी ६५ लिटरची असेल तर उरलेलं कॅनमध्ये जाणार, आणि कॅनला वजन असतं.

वजनाकडे सगळे दुर्लक्ष करतात, म्हणून ते जरा तपशिलात मांडतो. दोन माणसं १५० किलो. ६० लिटर पाणी, ६० किलो. ४० लिटर जादा डिझेल कॅनसकट साधारण ४२ किलो. दुसरी स्टेपनी ३५, हत्यारं आणि पार्ट ४०, फ्रीज आणि दुसरी बॅटरी ६०, टपावरचा तंबू ६०, अंथरूण-पांघरूण-शिधा-भांडी ८०, पुढचं लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) १००. बेरीज ६२७ किलो, आणि अजून मागच्या सीटवर कोणी बसलेलं नाही. गाडीचं कमाल मान्य वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, इतकाच भार तिला झेपतो. अनेक गाड्यांची ही क्षमता ६०० ते ७०० किलोंतच संपते. जास्त लादलं की चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) तडे, कमानीचे पाटे तुटणं, व्हील बेअरिंग जळणं, ब्रेक अपुरे पडणं हे ओघाने येतं. दुर्गम भागात होणाऱ्या मोडतोडीच्या मुळाशी बहुतेक वेळा नुसतं वजन असतं. त्यामुळे दोघांच्या प्रवासाला लहान, हलकी गाडी पुरते का, हे आधी प्रामाणिकपणे तपासा. सुझुकी जिम्नी जेमतेम ११०० किलोंच्या आसपासची, पण तिला स्वतंत्र चासी आहे, पुढे-मागे अखंड ॲक्सल (दोन चाकांना जोडणारे आस) आहेत आणि लो गिअर आहे. सामान कमी ठेवायची तयारी असेल तर ती मोठमोठ्या गाड्यांच्या बरोबरीने पोचते.

फोर-बाय-फोर म्हणजे नेमकं काय

चारही चाकांना ताकद जाते एवढ्यावर भागत नाही. ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या पेटीत, लो रेंज (म्हणजेच लो गिअर) आहे का, हे पाहा. खड्या चढणीवर, दगडांत आणि विशेषतः लांब उतारावर लो गिअर नसेल तर क्लच आणि ब्रेक जळतात. पहिला गिअर, लो रेंज आणि डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी ॲक्सलमधली गिअरपेटी) यांचे रेशो एकमेकांशी गुणले की गाडी किती सावकाश रांगू शकते ते कळतं. उदाहरणार्थ ४.० गुणिले २.५ गुणिले ४.१ म्हणजे ४१. चाळिशीच्या आसपासचा आकडा लादलेल्या गाडीला सोयीचा. ऑल-व्हील-ड्राइव्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना लो रेंज नसतेच. ओल्या रस्त्याला आणि बर्फाला त्या चांगल्या, पण या कामाच्या नाहीत.

पार्ट-टाइम पद्धतीत फोर-बाय-फोर टाकल्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना घट्ट जखडले जातात. कोरड्या डांबरीवर असं चालवलं तर वळताना चाकांना वेगवेगळं अंतर कापता येत नाही, सगळी यंत्रणा पिळली जाते आणि गिअर निघता निघत नाही. फुल-टाइम पद्धतीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधला डिफरन्शिअल हा ताण सोसतो, आणि घसरड्या जागी तो लॉक करता येतो. १९९१ च्या दुसऱ्या पिढीच्या मित्सुबिशी पजेरोत दोन्हींची सांगड घातलेली होती. साधेपणासाठी मी पार्ट-टाइम निवडतो, कारण बिघडायला पार्ट कमी. पण घेणाऱ्याने विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारावा: फोर-बाय-फोर कधी टाकता? "रोज टाकूनच चालवतो" असं उत्तर पार्ट-टाइम गाडीबद्दल आलं तर ट्रान्सफर केस दुप्पट बारकाईने तपासा.

चासी स्वतंत्र हवी, शिडीसारखी. तिला सरळ करता येतं, वेल्डिंग करता येतं, जॅक कुठेही लावता येतो.

इंजिन: जितकं जुनं तितकं सोपं, पण एका मर्यादेपर्यंत

जुन्या डिझेल इंजिनात पंप यांत्रिक असतो. इंजिन फिरतंय, डिझेल येतंय आणि हवा मिळतेय, एवढं असलं की ते चालतं. टोयोटा लँड क्रूझर ७० ही गाडी १९८४ पासून निघते आहे. तिच्यातलं ४.२ लिटरचं सहा सिलिंडरचं बिनटर्बोचं १एचझेड इंजिन जगभर दुर्गम भागांत दिसतं ते याच कारणाने. वेग नाही, ओढही बेताची, पण खराब डिझेल पचवतं. त्याचा टायमिंग बेल्ट मात्र वेळेवर बदललेला असलाच पाहिजे. निसान पॅट्रोलच्या टीडी४२ इंजिनात बेल्टऐवजी गिअर असतात, त्यामुळे ती काळजी मिटते. उलट १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या लँड क्रूझर ८० मधलं १एचडी-टी हे टर्बो इंजिन ओढायला जबरदस्त, पण त्याची बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकशाफ्टला जोडणारी) लवकर झिजतात हे माहीतगार मेकॅनिक लगेच सांगेल. ती बदलल्याचं बिल असेल तरच पुढे बोला. मॉडेलचं नाव चांगलं असून भागत नाही, त्यातलं कुठलं इंजिन आणि कुठल्या वर्षाचं, हे कळायला हवं.

नंतरच्या कॉमन रेल इंजिनांत (एकाच सामाईक नळीतून सगळ्या सिलिंडरना डिझेल पुरवणाऱ्या) डिझेलचा दाब १,५०० बारच्या पुढे जातो आणि डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची भोकं अतिसूक्ष्म असतात. पाणी किंवा कचरा मिसळलेलं डिझेल त्यांना सहन होत नाही. एका खराब कॅनने सगळे इंजेक्टर जाऊ शकतात. अशी गाडी घेतलीत तर पाणी वेगळं काढणारा दुसरा फिल्टर बसवा. त्याहून नव्या गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आणि धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची टाकी येते. जिथे जास्त गंधकाचं डिझेल मिळतं तिथे काजळीचा फिल्टर तुंबतो, आणि युरिया संपला की बऱ्याच गाड्या पुन्हा सुरूच होत नाहीत. तुमच्या वाटेवर कोणतं इंधन मिळतं, यावरच हा निर्णय ठरतो.

पेट्रोल इंजिनाला मी नाकारत नाही. आवाज कमी, दुरुस्ती स्वस्त, थंडीत पटकन सुरू. इंधन जास्त लागतं आणि खोल पाण्यात इग्निशन भिजण्याचा धोका असतो, एवढं धरून चाला.

पार्टांची उपलब्धता तपासायची सोपी रीत आहे. जायच्या वाटेवरच्या तीन गावांतल्या गॅरेजांना फोन करा. त्या मॉडेलची क्लच प्लेट, पाण्याचा पंप आणि पुढच्या चाकाचं बेअरिंग किती दिवसांत मिळेल, असं विचारा. "आहे, या" हे उत्तर दोन ठिकाणी तरी यायला हवं.

फोनवर आणि कागदावर

गाडी बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला सांगा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. जुन्या इंजिनाचे बहुतेक रोग थंड असताना उघडे पडतात आणि गरम झाल्यावर लपतात.

कागदपत्रांत चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या कोरलेल्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. नंबराभोवती घासल्याच्या खुणा, वेगळ्या रंगाचा पत्रा किंवा वेल्डिंग दिसलं तर तिथूनच परत फिरा. कर्ज बाकी आहे का, हेही पाहा. मग सर्व्हिसची बिलं मागा. नियमित बिलांसकट अडीच लाख किलोमीटर फिरलेली गाडी मी एक लाखाच्या बिनबिलाच्या गाडीआधी घेईन. मीटर मागे फिरवता येतं. ब्रेक पेडलचं झिजून गुळगुळीत झालेलं रबर, चकाकणारं स्टिअरिंग, ड्रायव्हर सीटची चढण्याच्या बाजूची फाटलेली कड यांना खोटं बोलता येत नाही.

लिफ्ट किट, मोठे टायर, दिव्यांची रांग लावलेली गाडी तयार मिळते म्हणून मोह होतो. मी शक्यतो मूळ स्थितीतली घेतो. ५० मिलिमीटरहून जास्त उंच केलेल्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचे (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) आणि पुढच्या ॲक्सलचे कोन बदलतात, क्रॉस आणि सीव्ही जॉइंट हे त्यांचे सांधे लवकर झिजतात. शिवाय ती कशासाठी उंच केली होती आणि कशी हाणली होती, हे तुम्हाला कधीच कळत नाही.

गाडीखाली: टॉर्च आणि हातोडी

सोबत जुने कपडे, चांगला टॉर्च, छोटी हातोडी, लोहचुंबक, पांढरं फडकं आणि बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर न्या. रंग आणि सीट कव्हर शेवटी बघा. आधी जमिनीवर आडवे व्हा.

चासीचे दांडे आतून पोकळ असतात. चिखल आत शिरतो, ओला राहतो आणि गंज आतून बाहेर येतो, म्हणून बाहेरून बरा दिसणारा दांडा फसवू शकतो. हातोडीने हलके ठोके देत पुढून मागे या. शाबूत पोलाद खणखणीत वाजतं. गंजलेल्या जागी आवाज बसका होतो आणि आत खपल्या झरझर पडल्याचं ऐकू येतं. पाणी निचरण्याच्या भोकांत बोट घालून पाहा, पापुद्रे हाताला येतात. मागच्या ॲक्सलवरचा वळसा, कमानीचे पाटे जिथे अडकतात त्या जागा, इंधन टाकीच्या मागचा भाग आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट या ठिकाणी सर्वांत जास्त वेळ द्या. स्टिअरिंग बॉक्सभोवती केसासारखे तडे येतात, फडक्याने पुसल्याशिवाय ते दिसत नाहीत. आणि खालून नुकतंच काळं कुळकुळीत डांबर मारलेलं असेल तर विकणाऱ्याला त्याखाली काय होतं ते थेट विचारा. वरवरचा तांबूस गंज चालतो. आरपार गेलेला किंवा पत्र्याचं ठिगळ लावलेला चालत नाही, किंमत कितीही कमी करून देत असले तरी.

चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो खिळा) झिजलेली. डावी-उजवीकडे हलवलं आणि खेळ आला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा) झिजलेला. अखंड पुढच्या ॲक्सलच्या गाडीत चाकामागच्या गोल लोखंडी सांध्यावर ग्रीस आणि तेलाचा काळा राडा ओघळत असेल तर आतलं सील गेलंय. ते बदलता येतं, पण कष्टाचं काम आहे, किमतीत धरा. प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळून बघा, क्रॉसमध्ये खटका नको.

थंड इंजिन, पहिली सेल्फ

बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यात तेलाचा तवंग नको, गंजाचा लाल गाळ नको. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलईसारखा थर असेल तर हेड गास्केटचा (इंजिनाच्या हेडखालच्या सीलचा) संशय घ्या. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थंडीतही थोडा असा थर येतो, म्हणून डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ आहे का ते पाहून मगच ठरवा.

आता सेल्फ मारा आणि मागे कोणाला तरी उभं करा. क्षणभर काळा धूर जुन्या डिझेलला माफ आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट जळतंय. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा टणक झाला तर सिलिंडरमधला दाब पाण्यात जातोय. ही खूण मी कधीच दुर्लक्षित करत नाही. मग इंजिन संथ चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच टेकवून ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक, उडून बाजूला पडलं आणि धुराचे भपकारे आले तर पिस्टन रिंगा संपल्यात. शंका उरली तर कम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्या. सिलिंडरांमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक नको.

चालवून पाहताना

पाऊण तास तरी चालवा, आणि त्यात एक लांब चढण हवीच. तापमानाचा काटा चढणीवर सरकला आणि उतरताना खाली आला नाही तर कूलिंग कमजोर आहे. वरच्या गिअरमध्ये कमी वेगात एकदम पेडल दाबा. आवाज वाढला पण गाडी ओढली नाही तर क्लच घसरतोय. ऑटोमॅटिक असेल तर गिअर ऑइल पांढऱ्या फडक्यावर घ्या. लालसर आणि स्वच्छ हवं, तपकिरी आणि जळका वास असेल तर नको.

मातीच्या जागी फोर-हाय (लो रेंजशिवाय फोर-बाय-फोर), मग थांबून फोर-लो टाका. दोन्ही लागले पाहिजेत, दिवा पेटला पाहिजे आणि निघालेही पाहिजेत. नुसता दिवा पेटला म्हणून विश्वास ठेवू नका. पुढचं एक चाक जॅकवर उचला, चाक ॲक्सलला जोडणारे हब (चाकांचे मधले भाग) लॉक करा, फोर-बाय-फोर टाका, मागच्या चाकांना घट्ट अडण लावा आणि उचललेलं चाक हाताने फिरवायचा प्रयत्न करा. पुढचा ॲक्सल खरंच जोडलेला असेल तर ते अडतं. वर्षानुवर्षं न वापरल्याने लो गिअर अडकून बसलेल्या कितीतरी गाड्या असतात. उतरल्यावर चारही हबजवळ हात न्या. एकच जास्त तापलेला असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक.

व्यवहार ठरण्याआधी एका गोष्टीचा आग्रह धरा: गॅरेजमध्ये गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शिअलचे ड्रेन प्लग उघडून तेल बघायचं, खर्च तुमचा. एकदा मला सगळ्या बाजूंनी पसंत पडलेल्या गाडीच्या मागच्या डिफरन्शिअलमधून कॉफीसारखं दुधाळ तेल निघालं. प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असतो, तो चालतो. त्या प्लगवर मात्र नखाएवढे दोन चकचकीत तुकडे चिकटले होते. पाण्यात घातलेली गाडी, हवेची नळी तुंबलेली, आत पाणी आणि क्राऊन-पिनियनचे (डिफरन्शिअलमधल्या गिअरांचे) दात संपत आलेले. आत बसून ती अगदी शांत चालत होती. ती मी घेतली नाही.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट टोकापर्यंत ओढा. आत चिखलाची रेघ किंवा डाग दिसतो. सीटच्या पट्ट्यांवरचा गंज, गालिच्याखालचा कुबट वास, वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज, यांतलं काहीही असेल तर सोडून द्या.

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा वर्षांपुढचे टायर मी दुर्गम वाटेवर नेत नाही.

घेतल्यानंतर

ठरवलेल्या एकूण रकमेचा किमान पाचवा हिस्सा गाडी घेतल्यानंतरच्या कामांसाठी बाजूला ठेवा. बिलं असोत नसोत, सगळी तेलं, सगळे फिल्टर, कूलंट, बेल्ट, रबरी पाइप, ब्रेक ऑइल बदला. टायमिंग बेल्टचा पुरावा नसेल तर तोही. जुने पण चांगले निघालेले बेल्ट आणि पाइप फेकू नका, तेच तुमचे पहिले जादा पार्ट.

सोबतच्या पार्टांत इंधन फिल्टर दोन, पाण्याचा पंप, व्हील बेअरिंग आणि सील, क्रॉस, फ्यूज, वायर, पाइप क्लॅम्प, सर्व प्रकारची तेलं आणि त्या गाडीच्या प्रत्येक नटला बसणारा पान्हा असावा. जॅक लादलेल्या गाडीला उचलतो का, ते घरीच बघा.

मग सगळं सामान आणि माणसं भरून वजनकाट्यावर जा. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोला. आकडा मर्यादेपेक्षा जास्त आला तर सामान काढा. कमानी जाड केल्याने मर्यादा वाढत नाही. त्यानंतर मदत मिळेल अशा भागात हजार किलोमीटरची चाचणी फेरी करा, निम्मी कच्च्या रस्त्यावर. पहिल्या शंभर किलोमीटरला थांबून चाकांचे नट, कमानीचे यू-बोल्ट आणि टपाच्या कॅरिअरचे बोल्ट पुन्हा आवळा. परतल्यावर पुन्हा खाली आडवे होऊन टॉर्च फिरवा, आणि नव्याने ओलं दिसणाऱ्या प्रत्येक जागेवर खडूने खूण करा.